जुना पीसी फेकायच्या आधी उघडून बघा, बहुतेक वेळा एसएसडी आणि रॅमवर काम होतं

पीसी स्लो झाला की दुकानदार सरळ नवीन घ्या म्हणतो, पण आधी आत काय आहे ते तरी बघा. कीबोर्डवर विंडोजचं बटण आणि आर सोबत दाबा, इंग्रजीत एमएसइन्फो३२ (msinfo32) टाईप करा, एंटर. प्रोसेसर, मदरबोर्डचं मॉडेल, रॅम सगळं तिथे दिसतं, त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. आता समजा प्रोसेसर आय५ ४५७० आहे, तर पहिला आकडा ४ म्हणजे चौथी जनरेशन, साधारण २०१३ चा माल. ऑफिसमधून निघालेले सेकंडहँड पीसी बरेचसे असेच असतात, म्हणून पुढचं सगळं हाच पीसी धरून सांगतो.

नंतर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर गेलात की रॅमचा स्पीड आणि किती स्लॉट भरलेत ते कळतं. डिस्कपुढे एचडीडी, म्हणजे जुनी फिरणारी हार्ड डिस्क, असं लिहिलं असेल आणि वापर सारखा १०० टक्क्यांवर जात असेल तर दुखणं तिथेच आहे. एसएसडी, म्हणजे न फिरणारी, चिपवर चालणारी वेगवान डिस्क टाका, बाकी काही नाही केलंत तरी चालेल! जुनी हार्ड डिस्क सेकंदाला शंभर-दीडशे एमबी वाचते, साधी साटा (हार्ड डिस्कच्याच वायरीने जोडायची) एसएसडी पाचशेच्या पुढे जाते, आणि छोट्या छोट्या फायली उघडताना तर फरक याहून खूप मोठा पडतो. या बोर्डांवर एम डॉट टूचा, म्हणजे थेट बोर्डावर बसणाऱ्या पट्टीसारख्या एसएसडीचा स्लॉट सहसा नसतो त्यामुळे अडीच इंची साटाच घ्या, आणि जुनी डिस्क चांगली असेल तर फोटो-व्हिडिओसाठी राहू द्या, पण बॅकअप आधी घ्या.

रॅम घेताना जास्त जपा. चौथ्या जनरेशनला डीडीआर३ प्रकारची रॅम लागते, डीडीआर४ ची खाच वेगळ्या जागी असते, बसणारच नाही, जोर लावू नका. ऑनलाईन ८ जीबीची फारच स्वस्त स्टिक दिसली तर वर्णन नीट वाचा, काही स्टिक फक्त एएमडी या दुसऱ्या कंपनीच्या प्रोसेसरच्या बोर्डवर चालतात आणि इंटेलवर डिस्प्लेच येत नाही. शक्यतो ४-४ च्या दोन सारख्या स्टिक टाका म्हणजे ड्युअल चॅनल मिळतं, दोन्ही स्टिक एकाच वेळी काम करतात. आणि विंडोज ३२ बिट असेल तर ४ जीबीच्या वरची रॅम वाया जाते, ६४ बिट टाकावी लागेल.

उघडताना वायर काढा, पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून धरा, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा, मगच आत हात घाला. रॅम दोन्ही बाजूंनी टक आवाज येईपर्यंत दाबायची. डिस्प्ले नाही आला तर घाबरू नका, रॅम काढून सोनेरी पट्टी खोडरबराने हलकेच पुसा, भुगा झटका, परत बसवा. तारीख-वेळ दर वेळी मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ चा छोटा गोल सेल बदला, घड्याळाच्या दुकानातही मिळतो.

ग्राफिक्स कार्डाची घाई मात्र करू नका. कंपनीच्या पीसीत पॉवर सप्लाय छोटा असतो, कधी कनेक्टरही वेगळा असतो, आणि बारीक कॅबिनेट असेल तर लो प्रोफाईल, म्हणजे कमी उंचीचं कार्डच बसतं.

राहिला विंडोजचा प्रश्न. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि ११ ला इंटेलची किमान आठवी जनरेशन लागते, म्हणजे आपला चौथ्या जनरेशनचा पीसी त्यात बसत नाही. ब्राउझिंग, मराठी टायपिंग, मुलांचा अभ्यास एवढंच काम असेल तर एसएसडीवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी सिस्टिम टाका, पेनड्राइव्हवरून इन्स्टॉल न करता आधी चालवूनही बघता येतं, वायफाय, प्रिंटर आणि आवाज तिथेच तपासून घ्या.