विनोद आणि गाण्यांच्या कार्यक्रमावर माहितीपट करताय? या चुका टाळा

चार कॅमेरे भाड्याने आणले जातात, महागड्या लेन्स येतात, कधी ड्रोनही येतो. आवाजासाठी मात्र साउंड मिक्सरमधून एक वायर घेतली की काम झालं असं धरलं जातं. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. मिक्सरमध्ये माइकसमोरचाच आवाज जातो. सगळं सभागृह हसून लोळलं तरी त्या वायरीत हशा उतरत नाही.

नाशिकच्या एका नाट्यगृहात नेमकं हेच झालं. दोन तासांचा कार्यक्रम, मध्ये मध्ये बतावणी (तमाशातले विनोदी संवाद), मग गाणी, प्रयोग तुफान रंगलेला. संकलनाला बसल्यावर कळलं की कलाकार वाक्य टाकतो, पाच-सहा सेकंद गप्प उभा राहतो आणि त्या वेळात काहीच ऐकू येत नाही. पाहणाऱ्याला वाटावं, विनोद पडला. मग इंटरनेटवरचा तयार हशा चिकटवला गेला. कलाकारांनी तो ऐकताच हरकत घेतली, आणि ती योग्यच होती. त्या रात्री पहिल्या रांगेतून सुरू झालेला हशा मागे पसरत गेला होता आणि पुढचं वाक्य त्या ओसरत्या हशावरच टाकलेलं होतं. तयार हशाला ही लय माहीत नसते, शिवाय माहितीपटात तो लावणं म्हणजे सरळ खोटं बोलणं आहे. शेवटी मागच्या कॅमेऱ्याच्या माइकमधला घुमणारा आवाज वापरावा लागला आणि त्याबरोबर गायिकेचा आवाजही दोनदा ऐकू येऊ लागला.

यावरचा उपाय स्वस्त आहे. दोन कार्डिऑइड माइक (मुख्यतः समोरचा आवाज घेणारे) रंगमंचाच्या पुढच्या कडेला डावी-उजवीकडे, स्पीकरच्या रेषेच्या मागे उभे करा. उंची दोन मीटरच्या आसपास, तोंड सहाव्या-सातव्या रांगेकडे, पाठ कलाकारांकडे. बाल्कनी असेल तर तिच्या कठड्यावर आणखी एक. प्रत्येकाचा ट्रॅक वेगळा, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. पातळी बोलण्यावर लावू नका, टाळ्यांवर लावा: सर्वात मोठा कडकडाट रेकॉर्डरच्या मीटरवर उणे ६ डेसिबलच्या वर जाता कामा नये. संकलनात १२० हर्ट्झच्या खालचा खर्जाचा भाग कापा आणि हशा येताना हा ट्रॅक अर्ध्या सेकंदात हळूच वर घ्या. एकदम उघडला तर दार उघडल्यासारखं वाटतं. प्रेक्षक आत येण्याआधी रिकाम्या सभागृहाची मिनिटभर शांतताही रेकॉर्ड करून ठेवा, जोड लपवायला तीच लागते.

मिक्सरच्या आवाजाबद्दल आणखी एक. साउंडवाला मिक्स करतो तो सभागृहासाठी. ढोलकी आणि संबळ थेट ऐकू येतात म्हणून त्यांचे फेडर (आवाज कमी-जास्त करण्याच्या पट्ट्या) तो खाली ठेवतो, आणि रेकॉर्डिंगमध्ये ढोलकी हरवते. डिजिटल मिक्सर असेल तर यूएसबीतून सगळे चॅनल वेगवेगळे घ्या. नसेल तर फेडरच्या आधीचा ऑक्स, म्हणजे फेडर हलवला तरी न बदलणारं वेगळं आउटपुट, मागा. वायर रेकॉर्डरच्या माइक इनपुटमध्ये नको, लाइन इनपुटमध्ये हवी, नाहीतर आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज दुरुस्त होत नाही. फँटम पॉवर (माइकला वायरीतून दिली जाणारी वीज) त्या चॅनलवर बंद ठेवा. हे सगळं तालमीच्या दिवशी ठरवायचं असतं, प्रयोगाच्या गडबडीत साउंडवाल्याला पकडून नाही.

दुसरी चूक सिंकची, म्हणजे आवाज आणि चित्र जुळवण्याची. सॉफ्टवेअरचं बटण दाबलं की आवाज आपोआप जुळतो, असा नव्या मुलांचा भरवसा असतो. ध्वनी सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो आणि सेकंदाला २५ फ्रेमच्या चित्रीकरणात एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, म्हणजे सुमारे १४ मीटर. रंगमंचापासून २८ मीटरवरच्या कॅमेऱ्याच्या माइकमध्ये आवाज दोन फ्रेम उशिरा पोचतो. सॉफ्टवेअर तोच आवाज मिक्सरशी जुळवतं, आणि पडद्यावर ओठ दोन फ्रेम आधी हलतात. क्लोजअप असेल तर हे लगेच खटकतं, आणि लांबच्या कॅमेऱ्यावरच झूम लेन्स असते! जुळवल्यानंतर तो शॉट टाइमलाइनवर दोन फ्रेम उजवीकडे, म्हणजे उशिरा, सरकवा आणि ढोलकीची थाप नजरेने तपासा. कॅमेरा आणि रेकॉर्डर यांची घड्याळंही तासाभरात एक-दोन फ्रेमने फारकत घेतात, म्हणून प्रत्येक गाण्याच्या सुरुवातीला पुन्हा जुळवा. कंटाळवाणं काम आहे, पण आवाज-चित्र जुळलेलं नसेल तर उत्तम छायाचित्रणही वाया जातं.

बाकीच्या चुका थोडक्यात. शटर १/५० सेकंद ठेवा, नाहीतर दिवे लुकलुकतात. एलईडी दिवे तरीही लुकलुकू शकतात, म्हणून तालमीत शूट करून पाहा. जुने कॅमेरे २९ मिनिटं ५९ सेकंदांनी थांबतात, सगळे एकाच वेळी सुरू करू नका. एक कॅमेरा पूर्ण रंगमंचावर लावून त्याला हात लावू नका. प्रेक्षकांवरचा कॅमेरा हवाच, आणि त्यासाठी सभागृहातले दिवे मंद पेटते ठेवायला आधी सांगा. चित्रीकरण चालू असल्याची पाटी दारावर लावा. विनोदाच्या वाक्यावर प्रेक्षकांकडे कट करू नका. आधी कलाकाराचा चेहरा, मग हशा. गाणं छाटायचं तर समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, छाटा.

नाशिकच्या गोदाघाटावर किंवा पिंपळपारावरच्या पाडवा पहाटेला शूट असेल तर माइकला केसाळ विंडशील्ड लागतं, फोमचं पुरत नाही. व्हाइट बॅलन्स (प्रकाशानुसार रंग ठरवणारी कॅमेऱ्याची सेटिंग) ऑटोवर ठेवू नका. उजाडताना रंग एकाच गाण्यात बदलत राहतो आणि तुकडे जुळत नाहीत.

शेवटची गोष्ट हक्कांची. गाण्यांच्या जाहीर सादरीकरणाचा परवाना असला तरी ते गाणं चित्रपटात वापरण्याची परवानगी वेगळी लागते. चित्रपटगीत कलाकारांनी स्वतः गायलं असलं तरी गीत आणि संगीताचे हक्क विचारावेच लागतात. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात. कुसुमाग्रज १९९९ साली गेले, म्हणजे त्यांच्या कवितेला २०५९ संपेपर्यंत परवानगी हवी. एकनाथांचं भारूड मोकळं आहे, पण त्याला कुणी नवी चाल दिली असेल तर ती मोकळी नाही. गाण्यांची यादी, गीतकार, संगीतकार आणि लेखी परवानगी असा तक्ता शूटच्या आधी भरा. एखाद्या गाण्याची परवानगी अडली तर कलाकारांना ते बदलायला तेव्हा वेळ असतो.