लारावेलमध्ये क्वेरीला अटी कशा जोडाव्यात

लारावेल या पीएचपी फ्रेमवर्कमध्ये क्वेरीला, म्हणजे डेटाबेसकडे माहिती मागणाऱ्या आज्ञेला, पहिली अट जोडणं सोपं आहे. व्हेअर या मेथडला कॉलमचं नाव आणि हवी ती व्हॅल्यू द्यायची. बरोबरीऐवजी दुसरी तुलना हवी असेल तर मधे तिचं चिन्ह टाकायचं. पुढे आणखी व्हेअर लावत गेलात की अटी 'आणि'ने जोडल्या जातात.

खरी काळजी 'किंवा' आल्यावर घ्यायची. समजा, फक्त प्रकाशित लेख हवेत आणि शोधलेला शब्द त्यांच्या शीर्षकात किंवा मजकुरात असायला हवा. तिन्ही अटी सरळ एकामागोमाग लिहिल्या आणि शेवटची 'किंवा' लावणाऱ्या ऑरव्हेअरने जोडली, तर डेटाबेस क्वेरी अशी वाचतो:

(प्रकाशित आणि शीर्षकात शब्द) किंवा मजकुरात शब्द

कारण एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेत 'आणि'चा मान 'किंवा'च्या आधी. मग मजकुरात तो शब्द असलेले अप्रकाशित मसुदेही वाचकासमोर येतात, आणि एरर कुठेच दिसत नाही! म्हणून 'किंवा'च्या अटी कंसात हव्यात. त्यासाठी व्हेअरला कॉलमऐवजी फंक्शन द्या (मेथडचं स्पेलिंग अर्थातच रोमन लिपीत):

लेख::व्हेअर('प्रकाशित', 1)
->व्हेअर(फंक्शन ($क्यू) यूझ ($शब्द) {
$क्यू->व्हेअर('शीर्षक', 'लाइक', $शब्द)
->ऑरव्हेअर('मजकूर', 'लाइक', $शब्द);
})

$शब्दच्या दोन्ही टोकांना टक्क्याचं चिन्ह आधीच जोडलेलं असू द्या; 'लाइक'मध्ये त्याचा अर्थ 'इथे काहीही चालेल' असा होतो. शेवटी क्वेरी चालवणाऱ्या गेटऐवजी टूएसक्यूएल लावलं, तर क्वेरी न चालता तयार झालेलं एसक्यूएल दिसतं. कंस कुठे पडलाय ते तिथे डोळ्यांनी पाहाच.

वापरकर्त्याने फिल्टर निवडला तरच अट लावायची असेल, तर इफची रांग लावण्यापेक्षा व्हेन वापरा. तिला दिलेली व्हॅल्यू खरी ठरली तरच ती अट लावते. मात्र पीएचपीत 0 म्हणजे खोटं, त्यामुळे 'शिल्लक 0' हा फिल्टर गुपचूप गळतो. तिथे व्हेनला व्हॅल्यू न देता रिक्वेस्टच्या फिल्ड (filled) मेथडचं उत्तर द्या. ती 0 ला रिकामं मानत नाही.

'अमुक नाही' अशी अट लावली की त्या कॉलममध्ये नल असलेल्या, म्हणजे व्हॅल्यूच नसलेल्या ओळीही वगळल्या जातात. त्या हव्या असतील तर ऑरव्हेअरनल जोडा, तेही कंसातच.

व्हेअरला दिलेली व्हॅल्यू लारावेल बाइंडिंगने, म्हणजे एसक्यूएलपासून वेगळी पाठवतं, म्हणून ती सुरक्षित असते. कॉलमच्या नावाला हे संरक्षण नाही. ते वापरकर्त्याकडून येत असेल तर ठरलेल्या नावांच्या यादीशी ताडूनच पुढे पाठवा. कच्चं एसक्यूएल घेणाऱ्या व्हेअररॉमध्येही व्हॅल्यू स्ट्रिंगला चिकटवू नका. तिथे प्रश्नचिन्ह ठेवून ती वेगळ्या अ‍ॅरेतून द्या.