पाळणाघराची तपासणी: भिंती रंगवण्याआधी फाइली मोजा

तपासणीचे पत्र आले की बहुतेक पाळणाघरांत पहिली धावपळ रंगकाम, नवी चटई आणि भिंतीवरच्या तक्त्यांची होते. ती अवश्य करावी, परंतु त्याआधी कार्यालयातील कपाट उघडावे, हजेरीपट समोर ठेवावा आणि गेल्या वर्षभरात त्यावर ज्या ज्या व्यक्तीची सही आहे तिची फाइल कपाटात आहे की नाही हे एकेक नाव वाचून पाहावे. एकाच दिवसासाठी येऊन गेलेल्या बदली मावशींचीही फाइल हवी. मागील तपासणीत आमच्या केंद्राला प्रतिकूल शेरा मिळाला तो याच कारणाने. कायम मावशींची कागदपत्रे पूर्ण होती. गणपतीत त्या कोकणात गेल्यावर ज्या बाईंनी मुले सांभाळली त्यांच्या आधारकार्डाच्या झेरॉक्सखेरीज आमच्याकडे काहीही नव्हते. तपासणीस आलेल्या बाईंनी हजेरीपटावरील त्या नावावर बोट ठेवले आणि फाइल मागितली. पुढील अर्धा तास दुसरा विषयच निघाला नाही.

नियमांचा रोख स्पष्ट आहे. २०१७ च्या मातृत्व लाभ सुधारणा कायद्याने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय सक्तीची केली आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटण्याचा हक्क दिला. पुढे २०१८ मध्ये केंद्रीय महिला व बाल विकास मंत्रालयाने अशा पाळणाघरांसाठी किमान मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. मुंबईत अनेक खासगी पाळणाघरे कंपन्यांशी करार करून चालतात, त्यामुळे शासकीय तपासणी नसली तरी कंपनीची माणसे हीच तत्त्वे हातात घेऊन येतात. कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी हा त्यांतील अगदी आरंभीचा प्रश्न असतो, आणि तो तसा असणे योग्यच आहे. २०१६ मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला झालेली मारहाण सीसीटीव्हीत दिसली, तेव्हापासून या शहरातील कोणतेही पालक हा प्रश्न विचारल्याशिवाय मूल सोडून जात नाहीत. बदलीवर आलेली व्यक्तीही त्याच मुलांना भरवते, झोपवते आणि शौचालयात नेते. तिची पडताळणी ऐच्छिक कशी असेल?

तेव्हा हे काम पत्र येण्याची वाट न पाहता करावे. मुंबईत मावशी कधी रजेवर जाणार हे सर्वांना ठाऊक असते: शिमगा, मे महिना, गणपती. त्या त्या वेळेच्या निदान दोन महिने आधी बदलीवर येऊ शकतील अशा दोन-तीन जणी ठरवून त्यांचे अर्ज भरून टाकावेत. चारित्र्य पडताळणीचा अर्ज महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर करता येतो; परंतु भाड्याची खोली नुकतीच बदललेली असेल, पत्त्याचा पुरावा गावचा असेल, तर त्यात दिवस जातात आणि गणपती आपल्यासाठी थांबत नाहीत. फाइलमध्ये ओळख व पत्त्याचा पुरावा, पडताळणी प्रमाणपत्र, डॉक्टरांचे आरोग्य प्रमाणपत्र (क्षयरोगाची तपासणी त्यात हवीच), पूर्वी जिथे काम केले तेथील एका व्यक्तीशी झालेल्या बोलण्याची तारखेसह नोंद, आणि मुलांशी वागण्याचे लेखी नियम वाचून दाखवल्यावर घेतलेली सही असावी. पॉक्सो कायदा, २०१२ नुसार लैंगिक अत्याचाराची माहिती मिळूनही न कळवणे हा गुन्हा आहे, हे बदली मावशींनाही पहिल्याच दिवशी सांगावे लागते.

मुलांमागे माणसे किती, हा हिशेबही येथेच येतो. तीन वर्षांखालील दहा मुलांमागे एक आणि तीन ते सहा वयाच्या वीस मुलांमागे एक, शिवाय मदतनीस, हे प्रमाण कागदावर जुळवणे सोपे आहे. तपासणीत मात्र एखाद्या आडदिवसाचा हजेरीपट उघडला जातो. त्या दिवशी दोघी रजेवर असतील आणि जागेवर आलेल्या बाईंची फाइल नसेल, तर त्यांना गणतीत धरण्याचा आग्रह आपण कोणत्या तोंडाने धरणार?

अग्निसुरक्षेबाबत महाराष्ट्रात २००६ चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्यानुसार यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म बी, दर जानेवारीत व जुलैत द्यावे लागते. जागा सोसायटीत असेल तर सोसायटीकडून त्याची प्रत मागून घ्यावी. सचिव आज-उद्या करतात, म्हणून लेखी मागावी. रांगणाऱ्या बाळांना बाहेर कसे काढणार याचा सराव खरोखर करून पाहावा. एक बाई दोन बाळांना उचलून जिना उतरू शकते, तिसऱ्याला नाही. त्यामुळे चाकांचा पाळणा कोणत्या दारातून जातो आणि कोणत्या दारात अडकतो हे आधीच पाहिलेले बरे. आमच्याकडे तो स्वयंपाकघराच्या दारात अडकला होता, आणि नकाशावर तोच बाहेर पडण्याचा मार्ग दाखवलेला होता. सरावाच्या नोंदीत बदली मावशींची नावेही असावीत.

लसीकरणाच्या नोंदी प्रत्येक मुलाच्या कार्डावरून स्वतः तपासून घ्याव्यात. पालक ‘सगळ्या लसी झाल्या’ म्हणतात, त्यावर भिस्त ठेवू नये. गोवर-रुबेलाची पहिली मात्रा नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान असते, आणि नेमकी दुसरीच राहून जाते. २०२२ च्या अखेरीस गोवंडी-मानखुर्द भागात गोवराची साथ आली तेव्हा अशा राहून गेलेल्या मात्रांची किंमत लहान मुलांनी मोजली. आईने काढून ठेवलेल्या दुधाच्या बाटलीवर मुलाचे नाव आणि काढल्याची वेळ लिहिलेली हवी. फ्रिजमध्ये ते चार दिवस टिकते, बाहेर साधारण चार तास, आणि मुंबईच्या उकाड्यात तेवढेही गृहीत धरू नये. नाव-वेळेची पट्टी बाटलीवर न चुकता लावणे बदली मावशींना शिकवले आहे का?

स्वच्छता, प्रथमोपचार पेटी, खिडक्यांच्या जाळ्या आणि पाण्याच्या टाकीच्या सफाईची नोंद यांविषयी वेगळे सांगण्याची गरज नाही. जेवण तेथेच शिजत असेल तर अन्न सुरक्षेची नोंदणी हवी. १०९८ (बालकांची मदतवाहिनी), ११२ (पोलीस व तातडीची मदत) आणि १०८ (रुग्णवाहिका) हे क्रमांक दूरध्वनीजवळ मोठ्या अक्षरांत लावावेत. मुलाला कोण नेणार त्यांची छायाचित्रांसह यादी अद्ययावत ठेवावी, कारण लोकल बंद पडली की शेजारीण न्यायला येते आणि तिचे नाव यादीत नसते.

आदल्या दिवशी सीसीटीव्हीचे जुने चित्रण प्रत्यक्ष उघडून पाहावे, आणि फाइलींची गणती पुन्हा करावी. हजेरीपटावर नावे जितकी, फाइली तितक्याच.

तपासणीच्या दिवशी मुलांचा दिनक्रम बदलू नये, पाहुण्यांसमोर गाणी म्हणायला लावू नये. प्रश्नाचे उत्तर कागदाने द्यावे. कागद नसेल तर नाही म्हणावे, मागील तारखेचा तयार करू नये.

शेरे आले की पूर्ततेचा अहवाल मुदतीत, प्रत्येक शेऱ्यापुढे तारीख घालून द्यावा व पोच घ्यावी. त्यानंतर नवी बदली मावशी आल्या, तर त्यांची फाइल आधी आणि हजेरीपटावरची सही नंतर.