बाइकमधून टकटक येतेय? आधी क्लच दाबून बघा

मेकॅनिककडे जाऊन नुसतं "आवाज येतोय" म्हटलं की तो थेट इंजिन खोलायच्या गोष्टी करतो, म्हणून आधी एवढं करा. सकाळी रस्ता मोकळा असताना चाळीसच्या स्पीडला क्लच पूर्ण दाबा, रेस सोडा आणि गाडी नुसती पळू द्या. आवाज, व्हायब्रेशन तसंच राहिलं तर बहुतेक चाकाचं बेअरिंग, टायर नाहीतर चेन. चाक हळूहळू फिरवत चेन तीन-चार ठिकाणी बोटाने वरखाली करून बघा (गाडी बंद ठेवून, बोटं प्यारी असतील तर), एका जागी ताठ आणि दुसरीकडे लोंबती म्हणजे चेन-स्प्रॉकेट सेट (चेन आणि ती ज्यावर फिरते ती दातेरी चाकं) बदला, पुण्यात नाना पेठेत मिळून जाईल.

क्लच दाबल्यावर थांबलं तर इंजिनकडे बघायचं, पण आधी माउंटिंगचे, म्हणजे इंजिन फ्रेमला धरून ठेवणारे, बोल्ट चेक करा, ते ढिले असले तरी हँडल झिणझिणतं. कात्रजचा घाट वरच्या गिअरला रेटतानाच खडखड होत असेल तर गिअर खाली घ्या. पुढचा ब्रेक मारल्यावर किंवा खड्ड्यात टक् झालं, आणि खड्डे आपल्याकडे भरपूर, तर कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) बघा. आतून जड ठकठक येऊन रेसबरोबर वाढतेय? लगेच बंद करा, ऑइल बघा, आणि ऑइल बरोबर असलं तरी गाडी टेम्पोत टाकूनच न्या.