घरात आहे त्यातून खमंग काकडी

सोलापुरात एप्रिल लागला की दुपारी पारा चाळिशी ओलांडतो. अकरानंतर भाजी आणायला बाहेर पडणं नकोच वाटतं. मग घरातल्या दोन काकड्या, डब्यातले शेंगदाणे आणि टोपलीतली एखादी कैरी, एवढ्यावर आमच्या पानातली डावी बाजू भरते. भाकरी-पिठल्याशेजारी गार खमंग काकडी असली की उन्हाने मेलेली भूक परत येते.

चौघांसाठी दोन मध्यम काकड्या पुरतात. देठाकडचा बोटभर भाग आधी कापून टाका, कडूपणा बहुतेक तिथेच आणि सालीलगत असतो. नंतर प्रत्येक काकडीची एक चकती चाखून बघाच. एक कडू काकडी सगळं भांडं वाया घालवते.

आता मुख्य काम, काकडी चोचवणं. सोललेली काकडी डाव्या हातात आडवी धरायची आणि धारदार सुरीने तिच्या अंगावर एकमेकांलगत उभे घाव घालत जायचं. घाव फार खोल नकोत. मग सुरी आडवी करून वरचा थर पातळ उतरवायचा, की बारीक तुकडे ताटात पडतात. काकडी फिरवायची, पुन्हा घाव, पुन्हा थर. आमच्या सासूबाईंचा हात यात इतका बसलेला आहे, की बोलता बोलता त्यांचं ताट भरतं. किसणी सोपी आहे, मान्य, पण किसताना काकडी चिरडते, पाणी सुटतं आणि दाताखाली करकरीतपणा उरत नाही. चोचवायला जमत नसेल तर बारीक चिरा, किसू मात्र नका.

तीन मोठे चमचे दाण्याचा कूट घ्या. शेंगदाणे मंद आचेवर भाजून, सालं काढून, जाडसर कुटलेले हवेत. मिक्सर सतत फिरवला तर तेल सुटून गोळा होतो, म्हणून थांबत थांबत फिरवायचा. ओलं खोबरं असलं तर दोन चमचे, नसलं तरी अडत नाही. आंबटपणाला उन्हाळ्यात लिंबापेक्षा किसलेली कैरीच बरी. लिंबू महागही असतं आणि कैरीचा वास काकडीला जास्त शोभतो. दोन चमचे कीस, अर्धा चमचा साखर, मूठभर कोथिंबीर.

फोडणी साजूक तुपाची: चमचाभर तूप, जिरं तडतडलं की हिंग आणि एका हिरव्या मिरचीचे तुकडे. काकडी फ्रीजमधून नुकतीच काढलेली असेल तर तूप तिच्यावर पडताच थिजतं आणि टाळूला चिकटतं. अशा वेळी तेलाची फोडणी द्या. उपासाला हिंग वगळायचा.

मीठ, साखर आणि कैरी तिन्ही काकडीचं पाणी बाहेर ओढतात. त्यामुळे काकडी, कूट, खोबरं आधी कालवून ठेवलं तरी चालेल, पण हे तिन्ही पानं मांडल्यावरच घाला.

काकडी नाहीच? कलिंगड खाऊन झालं असेल तर फोडी टाकू नका. हिरवी साल सोलून आतला पांढरा भाग बारीक चिरा आणि बाकी सगळं असंच करा. त्याला स्वतःची चव कमी असते, म्हणून मिरची आणि कैरी जरा हात सैल सोडून घालायची. कूट संपला असेल तर मुगाची डाळ तासभर भिजवून, निथळून घाला. इथून कर्नाटकाची हद्द जवळ, तिकडे रामनवमीला पानकाबरोबर, म्हणजे गुळाच्या सरबताबरोबर, अशीच कोसंबरी करतात. तिला मात्र तेलात मोहरी-कढीपत्त्याची फोडणी.

उरली तर रात्रीपर्यंत ती पाणीदार होते, परत पानात वाढू नये. त्यात भाजणी किंवा ज्वारीचं पीठ, तिखट आणि चिरलेला कांदा घालून थालीपीठ थापा. वरून पाणी बहुधा लागतच नाही.