मणक्याच्या दुखापतीनंतर रात्रीची लघवी: या चुका टाळा

मणक्याला मार लागलेला माणूस दवाखान्यातून घरी आला की सुरुवातीचे काही महिने घरात कुणाचीच धड झोप होत नाही. गादी ओली, चादर बदला, तासाभरात पुन्हा तेच. मग घरचे आपापले उपाय काढतात आणि त्यातले काही थेट किडनीच्या मुळावर येतात. गादी कोरडी राहिली म्हणून सगळं ठीक असतंच असं नाही. मूत्राशयात लघवी तुंबू न देणं हे खरं काम.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पाणी तोडणं. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा 42 च्या पुढे जातो, आणि आपला पेशंट 'रात्री त्रास नको' म्हणून दुपारपासून पाण्याला शिवत नाही. त्यानं लघवी घट्ट होते, लघवीच्या नळीत गाळ धरतो, इन्फेक्शन आणि खडे मागे लागतात. डॉक्टरांनी सांगितलेलं दिवसाचं पाणी कमी करू नका, त्याची वेळ बदला. बरंचसं पाणी संध्याकाळी सहाच्या आत पोटात जाऊ द्या. त्यानंतर तहानेपुरतं. रात्रीच्या जेवणानंतरचा चहा मात्र बंदच.

तरीही रात्री लघवी जास्त होते, याचं कारण बहुतेकदा पायांत असतं. दिवसभर व्हीलचेअरवर बसून, पोटऱ्या हलत नसल्यानं पाणी खाली साठतं. रात्री आडवं झालं की तेच पाणी रक्तात परत येतं आणि किडनी ते गाळून मूत्राशयात सोडते. संध्याकाळी घोट्याजवळ बोट दाबून पाहा. खड्डा पडून तसाच राहिला तर ते पाणी रात्री उतरणार, हे धरून चला. म्हणून झोपायच्या बरंच आधी, तास-दोन तास, पोटऱ्यांखाली चादरींची घडी ठेवून पाय उंच करून पडू द्या. टाचा मोकळ्या, अधांतरी राहिल्या पाहिजेत, नाहीतर तिथे बेडसोर, म्हणजे दाबानं होणारी जखम, होते. मग झोपताना कॅथेटर करून, म्हणजे लघवीच्या वाटेनं नळी घालून, मूत्राशय रिकामं करा. एकच पाय अचानक सुजला असेल तर मात्र चोळत बसू नका, रक्ताची गुठळी असू शकते. लगेच डॉक्टरांना दाखवा.

डायपरवर विसंबणं ही दुसरी चूक. थेंब थेंब गळतंय म्हणजे मूत्राशय रिकामं होतंय असं नव्हे. कित्येकदा ते भरून वाहत असतं. ओटीपोट दाबून लघवी काढायची सवयही डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका, दाबानं लघवी उलटी किडनीकडे चढू शकते. त्यापेक्षा तीन दिवस वही ठेवा: किती वाजता, किती मिली. एका वेळी 500 मिलीच्या वर निघत असेल तर दोन वेळा कॅथेटर करण्यामधला वेळ जास्त आहे. रात्री कॅथेटरसाठी एक गजर लावा आणि त्याच वेळी कूसही बदला.

नळी कायमची असेल तर मांडीची छोटी पिशवी रात्री चालत नाही, दोन लिटरची लावा. पिशवी मूत्राशयाच्या खाली हवी, पण जमिनीला टेकता कामा नये. उन्हाळ्यात गच्चीवर अंथरूण टाकण्याची आपल्याकडे पद्धत आहे, पण जमिनीवर झोपवलं तर पिशवी खाली टांगायला जागाच उरत नाही. खाटच वर न्या. आपली सोलापुरी चादर जड असते, तिच्याखाली नळी दुमडली तरी कुणाला दिसत नाही. दर वेळी कूस बदलली की मांडीपासून पिशवीपर्यंत नळीवरून हात फिरवा. कंडोम कॅथेटर (लिंगावर कंडोमसारखा चढवून पिशवीला जोडतात तो) निसटतो म्हणून वर रबरबँड किंवा दोरा कधीही बांधू नका. कातडी काळी पडेपर्यंत पेशंटला कळणार नाही.

आता जिवावरची गोष्ट. दुखापत छातीच्या सहाव्या मणक्याशी किंवा त्याच्या वर असेल आणि रात्री अचानक डोकं ठणकायला लागलं, चेहरा लाल झाला, घाम फुटला, तर बाम चोळून आडवं ठेवू नका. बहुतेकदा तुंबलेल्या मूत्राशयामुळे बीपी झपाट्यानं चढत असतं. याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. आधी उठून बसवा, पाय खाली सोडा, कपडे-पट्टे सैल करा. नळी सरळ करा, पिशवी भरली असेल तर रिकामी करा. नळी नसेल तर लगेच कॅथेटर करा. नळी तुंबली असेल तर जोर लावून पाणी मारू नका. बदलायला शिकवलेलं असेल तर बदला, नाहीतर 108 ला फोन करा. उतार पडला नाही तरीही 108 लाच. अशा पेशंटचं वरचं बीपी एरवी 90 ते 110 असतं, त्यामुळे 140 सुद्धा त्याच्यासाठी धोक्याचं. ड्युटीवरच्या डॉक्टरांना आजाराचं नाव आणि नेहमीचं बीपी आवर्जून सांगा. दोन्ही कागदावर लिहून उशाशी ठेवलेलं बरं.

लघवीला वास आला की मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून देणंही थांबवा. ताप, थंडी, पाय एकाएकी जास्त आखडणं अशी लक्षणं असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, आणि पहिल्या गोळीआधी लघवीचं कल्चर, म्हणजे कोणते जंतू आहेत याची तपासणी, करायला द्या.