साफ्रानबोलूचे अर्थकारण पायी फिरून कसे समजून घ्यावे

तुर्कस्तानच्या उत्तर भागातील, काराब्यूक प्रांतातले साफ्रानबोलू हे छोटे गाव १९९४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. बहुतेक प्रवासी तेथील जुन्या घरांची छायाचित्रे काढतात, केशराची डबी घेतात आणि परततात. हे गाव कशावर जगले हे जाणून घ्यायचे असेल, तर घरांकडे वळण्याआधी बाजार पाहावा.

सुरुवात हिदिर्लिक टेकडीवरून करावी. दोन ओढ्यांच्या बेचक्यात वसलेली चार्शी ही बाजारपेठ येथून एका नजरेत दिसते. तेराव्या शतकापासून रेल्वे येईपर्यंत पूर्व-पश्चिम व्यापाराचे तांडे याच वाटेने जात असत आणि त्यांच्या मुक्कामावरच गावाची भरभराट झाली. खाली उतरून सतराव्या शतकातील जिन्जी हान ही दगडी सराय पाहावी. चौकाभोवती दोन मजल्यांवर रचलेल्या तिच्या खोल्यांवरून त्या काळातील वर्दळीचा अंदाज येतो.

तेथून येमेनी, म्हणजे सपाट तळाची चामडी पादत्राणे, बनवणाऱ्यांच्या अरास्तात जावे. लाकडी दुकानांची ही ओळ आज पर्यटकांसाठी सजलेली असली, तरी ती सावकाश पाहावी, कारण गावाच्या संपत्तीचा मोठा वाटा चामड्याचा होता. कातडी कमावणारे, खोगिरे करणारे, जोडे शिवणारे आणि लोहार हे सगळे एकमेकांच्या हाताशी काम करत. कातडी कमावायला मुबलक पाणी लागते आणि त्या कामाला दुर्गंधीही असते. त्यामुळे ओढ्याच्या कडेने चालत गेल्यास व्यवसायांची मांडणी आपोआप उलगडते. याच ओढ्यावर कमानी टाकून १७९६ मध्ये इज्जेत मेहमेद पाशा मशीद उभारली गेली.

आता घरे पाहावीत. त्यांचा तळमजला दगडी असतो, तर वरचे मजले लाकडी सांगाड्यात कच्च्या विटा भरून उभारलेले व रस्त्यावर पुढे आलेले असतात. संग्रहालय झालेल्या एखाद्या घरात भिंतीतले फिरते कपाट आवर्जून शोधावे: स्त्रियांच्या दालनातून त्यात ताट ठेवून ते फिरवले, की कोणी कोणाच्या नजरेस न पडता जेवण पुरुषांच्या बैठकीत पोहोचत असे. संपन्न कुटुंबे हिवाळा खोलगट भागातल्या चार्शीत आणि उन्हाळा उंचावरच्या बालार भागातील बागांमध्ये काढत. दोन घरे बाळगण्याइतकी ऐपत व्यापारानेच दिली होती.

किरानक्योय हा ग्रीक ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचा भाग मात्र टाळू नये, जरी मार्गदर्शक तो अनेकदा उरकून टाकतात. येथील घरे दगडी असून खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशी रचना होती. १९२३ च्या ग्रीस-तुर्कस्तान लोकसंख्या अदलाबदलीच्या करारानंतर ही वस्ती गेली आणि तिच्याबरोबर गावातील कारागिरीची एक शाखाही गेली.

शेवटचा टप्पा म्हणून काही किलोमीटरवरील काराब्यूक गाठावे. रेल्वेमार्ग आणि झोंगुलदाकचा कोळसा यांच्या आधारे येथे १९३७ मध्ये पोलाद कारखान्याची पायाभरणी झाली, आणि मोसमी कमाईऐवजी कायम पगाराची नोकरी जवळच मिळू लागली. माझ्या मते साफ्रानबोलूच्या घरांना याच कारखान्याने वाचवले. नवी वस्ती आणि नवे बांधकाम तिकडे सरकल्यामुळे चार्शीत पाडापाडीचे कारणच उरले नाही. १९९५ मध्ये हा कारखाना नाममात्र १ लिरा किमतीला कामगार आणि स्थानिक लोकांकडे सोपवण्यात आला.

केशराची फुले पाहायची असतील, तर ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून नोव्हेंबरपर्यंत, सकाळी लवकर जावे. एक किलो केशरासाठी साधारण दीड लाख फुले खुडावी लागतात, म्हणून स्वस्त केशरी लोकुम (मऊ तुर्की मिठाई) पाहून त्यातील केशराच्या प्रमाणाबद्दल फारशा अपेक्षा ठेवू नयेत. केशर घ्यायचेच असल्यास पूड टाळून अखंड काड्याच घ्याव्यात.